बोहिंजची वैरण

स्लोव्हेनियाला गेलेले लोक ब्लेडच्या तळ्याचे फोटो काढून परततात. मी मात्र अडकलो तो तिथून जवळच्याच बोहिंज खोऱ्यात, स्टुडोर गावी. कारण? वैरण वाळवायचे सांगाडे! गावाच्या कडेला ते ओळीनं उभे आहेत. उभे खांब, त्यांना आडव्या दांड्या, वर अरुंद छप्पर, भिंती नाहीतच. नाव कोझोलेत्स. कापलेलं गवत दांड्यांवर अडकवायचं. वरून पाऊस लागत नाही, खालून ओल येत नाही आणि मधून वारा खेळतो.

आपल्याकडे वैरणीची चिंता म्हणजे पाण्याची चिंता. इथे पाऊसच पिच्छा सोडत नाही. गवत मस्त माजतं, पण वाळवायला सलग चार दिवस ऊन मिळेल तर शपथ! देश आपल्या नगर जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा. त्यात निम्म्याहून जास्त जंगल, आणि शेतजमिनीतही निम्म्याहून अधिक कायमची कुरणं. मग गाई पाळायच्या नाहीत तर काय करायचं?

हल्ली बरेचसे कोझोलेत्स रिकामेच असतात, नाहीतर त्यात जळण रचलेलं. शेतात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मुरघासाचे, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या ओल्या चाऱ्याचे गठ्ठे दिसतात. आमच्या घरमालकिणीनं एक फोडून दाखवला. तोच आंबूस वास, संगमनेरकडच्या कुठल्याही गोठ्यात येतो तो. मुरघासाला ऊन लागत नाही, ही मोठी सोय. पण चीजवाले त्याच्यावर नाराज. त्यातले जिवाणू दुधात उतरले की मुरायला ठेवलेलं मोठं चीज आतून फुगतं, तडकतं. इथल्या लोकांना एमेंटालसारखं चीज करायला एकोणिसाव्या शतकात एका स्विस कारागिरानं शिकवलं. त्यासाठी सुक्या गवतावरचं दूधच बरं. शेजारच्या स्तारा फुझिना गावातल्या जुन्या डेअरीत आता याच व्यवसायाचं संग्रहालय आहे. छोटंसं आहे, पण चुकवू नका.

गाईंमध्ये मला आवडली ती त्सिका. तांबूस अंग, पाठीवरून पांढरा पट्टा, बांधा लहान. डोंगरउतारावर ती आरामात चरते. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर नेतात आणि सप्टेंबरमध्ये ती उतरली की बोहिंजमध्ये 'गाईंचा बॉल' (बॉल म्हणजे चेंडू नव्हे, नाचाचा मेळावा) नावाचा उत्सव भरतो. जमलं तर तेव्हाच जा.

आणि हो, मोहांत नावाचं इथलं मऊ चीज उकडलेल्या बटाट्याबरोबर देतात. वास असा की शेजारच्या टेबलावरचे वळून बघतील. चव घेतली, छान म्हटलं, आणि उरलेले बटाटे नुसतेच खाल्ले.