"बाण, आवं बाण!"

12 नोव्हेंबर 2023. रविवार, लक्ष्मीपूजन. संध्याकाळपासून मी आमच्या उपजिल्हा रुग्णालयात ड्युटीवर होते. दिवाळीच्या चार रात्री डोळ्यांच्या डॉक्टरने गावाबाहेर जायचं नसतं, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले. आठ वाजेपर्यंत तिघं येऊन गेले होते. फुलबाजीची ठिणगी पापणीवर उडालेली एक चिमुरडी, पेटला नाही म्हणून भुईनळ्यावर वाकून बघणारे एक काका, आणि धुराने डोळे लाल झालेला बंदोबस्तावरचा पोलीस. तिघंही औषध घेऊन घरी गेले. मग अपघात विभागातला फोन वाजला.

सिस्टरनी उचलला. पलीकडे लड फुटत होती, रेंज येत-जात होती आणि एक बाई रडत बोलत होती. "पोराच्या डोळ्यात राकेल..." एवढंच ऐकू आलं. सिस्टरनी एक क्षणही न दवडता रॉकेलसाठी जे सांगायचं तेच सांगितलं. "आधी नळाखाली धरा. पापण्या बोटांनी फाकवा आणि पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार सोडा. मग घेऊन या." फोन ठेवला आणि वहीत लिहिलं: मुलगा, वय 9, डोळ्यात रॉकेल.

मी शेजारच्या बेसिनवर हात धूत होते. सल्ला अगदी चोख होता, मीही मान डोलावली. टॉवेलला हात पुसताना मात्र मनात खटकलं. रॉकेल आलं कुठून? आमच्या भागात रेशनवरचं रॉकेल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. स्टोव्ह माळ्यावर गेले, कंदील भंगारात गेले. आणि नेमकं लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठ वाजता, नऊ वर्षांच्या पोराच्या डोळ्यात?

"सिस्टर, रॉकेल म्हणाल्या की रॉकेट?"

सिस्टरचा चेहरा खर्रकन उतरला. एका अक्षराचा फरक, पण उपचार नेमके उलटे. डोळ्यात रॉकेल गेलं तर पाणी, पाणी आणि पाणी. दवाखान्याची वाट न बघता, घरच्या नळाखाली, जितकं जास्त तितकं बरं. रॉकेट लागलं असेल तर डोळा फुटलेला असू शकतो. फुटलेल्या डोळ्यावर पाण्याची धार सोडायची नाही, पापण्या ताणायच्या नाहीत, चोळायचं नाही, दाबायचं तर मुळीच नाही. डोळा आतून द्रवाने भरलेला असतो. त्याला फाट पडली असेल आणि वरून बोटाचा दाब आला, तर आतलं बाहेर येतं. ते पुन्हा जसंच्या तसं आत घालता येत नाही.

आलेला नंबर मीच फिरवला. चार रिंगा गेल्या. त्या चार रिंगा मला अजून आठवतात. फोन आजीने उचलला.

"आजी, मी डोळ्यांची डॉक्टर बोलतेय. पोराच्या डोळ्यात काय गेलंय? रॉकेल का रॉकेट?"

"व्हय व्हय, त्येच. राकेट."

शेवटचं अक्षर पुन्हा धुरात गेलं. मी विचारलं, "बाटलीतलं का?" विचारलं आणि लगेच जीभ चावली. रॉकेलही बाटलीत ठेवतात आणि रॉकेटही बाटलीत लावतात. आजी म्हणाली, "बाटलीतलंच की!"

"आजी, दिव्यात घालायचं का वर उडवायचं?"

"आवं बाण! बाण लागलाय पोराला! उडवायचा बाण!"

त्या एका शब्दावर सगळी शंका मिटली. मागून नळाचा आवाज येत होता. मी जवळजवळ ओरडलेच, "नळ बंद करा! पापण्या सोडा! कुणीही डोळ्याला हात लावू नका!" नळ बंद झाल्याचं मला फोनवर ऐकू आलं. पुढचं मग एकेक करून सांगितलं. हळद नको, तूप नको, दूध नको, घरात पडलेलं कुठलंही मलम नको. चहाचा कागदी कप घ्या, त्याचा तळाकडचा भाग कापून घ्या आणि तो डोळ्यावर पालथा ठेवा. कपाची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, डोळ्याला लागता कामा नये. वरून चिकटपट्टी. पोराला झोपवायचं ते डोकं उंच ठेवून. आणि पोटात काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, कारण भूल द्यावी लागेल. आजी म्हणाली, "आवं, घाबरलंय वो, साखर-पाणी तरी देऊ का?" मला फार वाईट वाटलं, पण नाही म्हणाले.

अठरा किलोमीटरवरून शेजाऱ्याच्या जीपमधून ते आले. पोरगं आईच्या मांडीवर, डोळ्यावर कागदी कप. कपावर गणपतीचं चित्र होतं. मी कप काढला आणि पापणीवर जराही जोर न देता टॉर्च मारला. डाव्या कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, खालच्या बाजूने फाट होती, साधारण चार मिलिमीटरची. आतला तपकिरी पडदा त्या फटीत येऊन अडकला होता आणि बाहुली गोल राहिली नव्हती. ओघळणाऱ्या थेंबासारखी एका बाजूला ओढली गेली होती. तो पडदा अडकला म्हणून फाट थोडी बुजली होती. शरीर असं स्वतःच बूच लावतं. अजून पाच मिनिटं पापण्या फाकवून नळाखाली धरलं असतं तर ते बूच राहिलं असतं की नाही, याचा विचार मी त्या रात्री बाजूला ठेवला.

धनुर्वाताचं इंजेक्शन, शिरेतून प्रतिजैविकं, आणि उलटी होऊ नये म्हणून औषध. उलटीचा जोरही फुटलेल्या डोळ्याला सोसत नाही. लहान मुलाला पूर्ण भूल देण्याची सोय आमच्याकडे रात्री नव्हती, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फोन केला आणि 108 बोलावली.

गाडी येईपर्यंत मी वडिलांना विचारलं, बाणाचे तुकडे आहेत का? त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत जळकी पुठ्ठ्याची नळी आणि बांबूची काडी. हे मागण्याला कारण होतं. धातूचा कण डोळ्यात राहिला तर एक्स-रेमध्ये दिसतो, बांबूचं कुसळ बहुतेक वेळा दिसत नाही, आणि आत राहिलं तर सडतं. म्हणून काडीचं टोक चिरलंय का, ढलपी निघालीय का, हे मी दिव्याखाली धरून पाहिलं. जळकं टोक अखंड होतं. दुसरं टोक मात्र ताजं मोडलेलं होतं, पांढरे तंतू दिसत होते. काडी जेमतेम वीतभर उरली होती.

"ही कुणी मोडली?"

पोरगं कपाआडून म्हणालं, "मीच. बाटली लहान होती. पडत होती सारखी."

बाण सरळ जातो तो त्या काडीच्या जोरावर. नळीच्या कितीतरी पट लांब काडी त्याला मागून धरून ठेवते, धनुष्याच्या बाणाला पिसं धरतात तशी. अर्धी मोडली की तो कुठेही वळतो.

पहाटे घरी आले तेव्हा बाबा अभ्यंगाच्या तयारीत होते. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक. मी सगळं सांगितलं, तर उटण्याची वाटी हातात धरून म्हणाले, "आजी बरोबर बोलल्या. पेशवाईतल्या लढायांच्या वर्णनात बाण सुटतात, ते दर वेळी धनुष्यातूनच सुटलेले नसतात. हेच ते, दारूचे." हैदर-टिपूच्या फौजेकडे तर त्यांच्या तुकड्याच होत्या: लोखंडी नळी आणि तिला बांधलेला लांब बांबू. 1780 मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी त्यांचा मार खाल्ला, आणि पुढे विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाने लंडनच्या वूलिचमध्ये त्यांच्यावरूनच आपली रॉकेटं बनवली. मग बाबांना सुरसुरी आली. रॉकेट हा शब्द इटालियनमधल्या सूत गुंडाळायच्या रिळाच्या नावावरून आला, नळीचा आकार तसा म्हणून. रॉकेल आलं 'रॉक ऑइल'वरून, म्हणजे दगडातलं तेल. कुठलं रीळ आणि कुठला दगड! मराठीत येऊन दोघं एका अक्षरावर शेजारी बसले. आमची आजी रॉकेलला घासलेट म्हणायची आणि रॉकेटला बाण. त्या दोन शब्दांत कुणाचाही कान फसला नसता, कितीही लडी फुटू देत.

सकाळी मी पुन्हा रुग्णालयात गेले. सिस्टरनी वहीतल्या 'रॉकेल'वर एक सरळ रेघ मारून शेजारी 'बाण (रॉकेट)' लिहिलं होतं, खाली सही आणि वेळ. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. मी त्यांना सांगितलं की मीसुद्धा तेच ऐकून मान डोलावली होती, आणि ते खरंच होतं. आम्ही दोघींनी मिळून एक कागद फोनजवळ चिकटवला: "डोळ्यात काय? घासलेट का बाण? ओतायचं का उडवायचं?" तो अजून तिथेच आहे.

पोराला तिकडे त्याच रात्री टाके पडले, केसाहून बारीक नायलॉनचे. आतलं भिंग बचावलं होतं. जानेवारीत ते तपासणीला आमच्याकडे आले. आजीही आल्या होत्या. चष्मा लावून डाव्या डोळ्याने त्याने तक्त्यावरच्या चार ओळी वाचल्या, पाचवीला अडखळला. 6/18, म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून वाचता येतं ते त्याला सहा मीटरवरून. त्या रात्री टॉर्चखाली जे पाहिलं होतं, त्यानंतर मला हे फार मोठं वाटलं.

मी पापणी सोडली तसं त्याने मनात धरून ठेवलेलं विचारलं. जुलैमध्ये शाळेत चांद्रयानाचं उड्डाण दाखवलं होतं. "मॅडम, त्या रॉकेटला काडी कुठं होती? तरी ते सरळ गेलं."

मी सांगितलं, ते सुमारे 640 टनांचं धूड आहे, त्याला काडी पुरायची नाही. ते मागचं आग फेकणारं तोंडच जरा-जरा वळवून स्वतःला सरळ ठेवतं, तळहातावर उभी काठी तोलताना आपण हात हलवतो तसं. त्याने लगेच माझ्या टेबलावरची पट्टी उचलली, तळहातावर उभी केली आणि दोन्ही डोळे तिच्या टोकावर रोखून धरले. आजी मागून म्हणाल्या, "हळू रं, डोळ्याला लागंल."