सहा रंगांची फेरी आणि याद्यांचा घोळ

कोल्हापुरात दोन दिवसांचा क्वीअर (म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी अशा सगळ्यांचा) चित्रपट महोत्सव आणि शेवटी प्राइडची, म्हणजे आपली ओळख अभिमानानं मिरवायची फेरी असं ठरवलं, तेव्हा पैसे आणि प्रेक्षक हीच काय ती अडचण असेल असा आमचा समज होता. खरी अडचण निघाली यादीची. ज्या टेबलासमोर जावं तिथं कुणाची तरी नावं मागतात, आणि आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी तर काहीच ठाऊक नाही.

पण त्याआधी तारीख. जगभर प्राइडचा महिना जून, कारण न्यूयॉर्कचं स्टोनवॉल प्रकरण, म्हणजे समलिंगींच्या बारवरचा पोलिसांचा छापा आणि त्याला झालेला प्रतिकार, जून 1969 मधलं. आपल्याकडं जूनमध्ये पाऊस लागलेला असतो आणि 26 तारखेला शाहू जयंती, त्यामुळं त्या आठवड्यात दसरा चौक विसरायचा. मग गणपती, नवरात्रात अंबाबाईची गर्दी, दिवाळी. मार्गशीर्ष बरा वाटला होता, पण पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा. आमच्यातले जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले, तेव्हा डोंगरावर, आणि परत आले की ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा. त्यांना वगळून फेरी काढायची तर काढायचीच कशाला? शेवटी जानेवारी धरला. वार शनिवार, कारण रविवारी लक्ष्मीपुरीत आठवडी बाजार असतो.

फेरीच्या अर्जात 'मोर्चा' हा शब्द घालू नका. मोर्चा म्हटलं की मागण्या काय, निवेदन कुणाला, हे सुरू होतं. 'जनजागृती फेरी' लिहा. मार्ग, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, स्वयंसेवक किती, स्पीकर आहे का, एवढं एका पानात बसवा. मार्ग ज्या ज्या ठाण्याच्या हद्दीतून जातो तिथं एकेक अर्ज, एक प्रत वाहतूक शाखेला, आणि प्रत्येक ठिकाणी पोहोच घ्यायचीच. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 (1)(3), म्हणजे जमावबंदी, लागू असणं नवं नाही. तो आदेश एका वेळी साधारण पंधरा दिवसांचा असतो, म्हणजे अर्ज दिला तेव्हा नसलेली बंदी फेरीच्या दिवशी असू शकते. आदल्या आठवड्यात पुन्हा चौकशी करा. आम्ही दसरा चौकातून आईसाहेब महाराज पुतळ्यावरून बिंदू चौक असा मार्ग धरला. सीपीआर रुग्णालयाच्या बाजूला गेलोच नाही, कारण रुग्णालय आणि न्यायालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र धरतात.

"अहो, हे कायद्यात बसतं का?" हा प्रश्न येणारच. त्यावर भाषण करायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांची पहिली पानं अर्जाला जोडायची: तृतीयपंथीयांच्या ओळखीचा 15 एप्रिल 2014 चा आणि समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा, कलम 377 बाबतचा 6 सप्टेंबर 2018 चा. साहेबांनाही फाइलला लावायला कागद मिळतो. सहभागींची यादी मागितली तर 'अंदाजे 150 नागरिक' एवढंच. नाव, पत्ता आणि सही फक्त तिघांची, ज्यांच्या घरी माहीत आहे अशांची. हे तिघं आधी ठरले नाहीत तर पुढचं काहीच हलत नाही.

चित्रपटांचं गणित वेगळं. ओटीटीचं सदस्यत्व म्हणजे सभागृहात दाखवायचा हक्क नव्हे. दिग्दर्शक किंवा वितरकाकडून तारीख, ठिकाण आणि किती खेळ हे लिहिलेली ईमेल हवी. लघुपटवाले बरेचदा फुकट देतात, विचारायला लाजू नका. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागावी लागते. चित्रपटांची यादी, प्रत्येकाचा सारांश आणि निवड समितीची नावं द्यायची. महोत्सव विनानफा हवा आणि प्रेक्षक आधी नोंदणी केलेले हवेत. दारात तिकीट विकता येत नाही. 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला वय तपासायचं, पण ओळखपत्र नुसतं बघून परत द्यायचं. त्यावरचं नाव आणि माणूस सांगतो ते नाव एक नसतं. ते मोठ्यानं वाचणारा स्वयंसेवक दारात नको.

मराठी उपशीर्षकांनी सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या. फाइल एसआरटी प्रकारची, जतन करताना अक्षरांचं एन्कोडिंग यूटीएफ-8, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग लागते. तेवढ्यानं भागत नाही. काही प्लेअर जोडाक्षरं मोडतात आणि 'प्रेम'चा 'प्‌रेम' होतो. त्यावर उपाय एकच: नोटो सान्स देवनागरी हा फाँट वापरून उपशीर्षकं चित्रातच पक्की करायची. दुसरा घोळ वेगाचा. सेकंदाला 25 फ्रेमच्या प्रतीवर बेतलेली उपशीर्षकं 24 फ्रेमच्या प्रतीला लावली की सुरुवातीला सगळं जुळतं आणि शंभराव्या मिनिटाला चार मिनिटांचा फरक पडलेला असतो. नायिका रडत असते आणि खाली पुढच्या प्रसंगातला विनोद. 23.976 आणि 24 मधला फरक मात्र शंभर मिनिटांत सहाच सेकंदांचा, म्हणून तो पहिल्या पाच मिनिटांत पकडता येत नाही. तपासायचं ते शेवटचं रीळ.

बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतः कॅमेरा घडवला त्या गावात भाड्याचा बरा प्रोजेक्टर मिळवताना आमची दमछाक व्हावी, हे जरा लागलंच. बारा फुटी पडद्याला 4000 ते 5000 ल्युमेन उजेडाचा घ्या, कारण सभागृहात पूर्ण काळोख होत नाही. साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरपलीकडं दगा देते, फायबरची मागा.

प्राइडचा सहा रंगांचा झेंडा मात्र इथंच शिवला. 44 इंच पन्ह्याचं सॅटिन, प्रत्येक रंगाचं सहा मीटर, एकूण 36 मीटर. एका पन्ह्यात साडेआठ इंचांच्या पाच पट्ट्या निघतात. त्या टोकाला टोक जोडल्या की तीस मीटर. वरून खाली लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. शिवणीत पाव-पाव इंच जाऊन सहा पट्ट्यांची रुंदी चार फूट भरते. सॅटिनचे दोरे सुटतात, म्हणून कडांना ओव्हरलॉकची शिलाई करून घ्या. एका बाजूला दर सहा फुटांवर एक धरला तरी दोन्हीकडून 34 माणसं लागतात. चौकात तो एकदम वळत नाही: बाहेरच्या बाजूनं भरभर चालायचं, आतल्यांनी जागेवर पावलं टाकायची. हे आदल्या दिवशी मैदानावर करून बघा. हलगीवाल्यांना अर्धा तास आधीची वेळ द्या, हलगी शेकल्याशिवाय वाजत नाही.

फोटोसाठी दोन रंगांच्या दोऱ्या ठेवल्या. लाल दोरी गळ्यात असेल तर फोटो नाही. हे वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना आधी सांगितलं आणि बहुतेकांनी पाळलं. लाल दोरीवाल्यांना झेंड्याच्या मागं ठेवलं, तिथं कॅमेरा सहसा पोचत नाही. ज्यांना तेही नको होतं ते फुटपाथवरून, बघे म्हणून, आमच्या बरोबरीनं चालले.

नोंदणीची चूक पहिल्याच दुपारी झाली. वही टेबलावर उघडी होती, आणि मागच्या माणसाला पुढच्याचं नाव, मोबाइल नंबर दिसत होता. तासाभरात ती बंद केली. त्यानंतर प्रत्येकाला फक्त क्रमांकाचं कूपन. नाव आणि क्रमांक जुळवणारा एकच कागद, तो तिघांपैकी एकीच्या पिशवीत. हिशेबासाठी एकूण आकडा लिहून ठेवला. वही आणि कागद सोमवारी सकाळी तिच्या घरच्या बंबात गेले.