निमित्ताला गळ

2020चा पाडवा माझ्या पक्का लक्षात आहे, कारण तो 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी माझ्या दोन्ही घरांना कडी लागली. पंतप्रधानांचं रात्री आठचं लॉकडाऊनचं भाषण आम्ही आदल्या दिवशी इथे सिअॅटलला सकाळी साडेसातला चहा पिता पिता ऐकलेलं, म्हणजे तिकडे मालवणला आईबाबा एकवीस दिवस आत. आणि पाडव्याला फडक्यात बांधलेल्या ग्रीक योगर्टचं श्रीखंड चापून आडवा होतो तोच फोनवर बातमी, की वॉशिंग्टन राज्यात आज रात्री 11:59 पासून मासेमारी बंद. म्हणजे धंद्याची नाही, हौसेची. गळ टाकून तासन् तास बसणाऱ्या माझ्यासारख्यांची.

तसा "घरी बसा"चा हुकूम गव्हर्नर इन्स्लींनी 23 तारखेलाच काढला होता आणि त्याचं नवल नव्हतं, अमेरिकेतला कोरोनाचा पहिला कन्फर्म पेशंट जानेवारीत आमच्या शेजारच्या काउंटीतच, म्हणजे जिल्ह्यातच, निघाला होता, त्यामुळे आम्ही बाकी देशाच्या आधीपासून घाबरून बसलेलो. पण गळ? अहो ज्या छंदात बाजूच्या माणसापासून वीस फूट लांब बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही हा पहिला नियम, तो छंद बंद? आणि गांजाची दुकानं अत्यावश्यक म्हणून उघडी! (इथे गांजा कायदेशीर आहे, आईला अजून सांगितलेलं नाही.)

त्यात गंमत म्हणजे इथलं मासेमारीचं लायसन आर्थिक वर्षासारखं 1 एप्रिलला सुरू होतं आणि 31 मार्चला संपतं. तर मी बंदीत असताना 1 एप्रिलला साधारण तीस डॉलर भरून नवीन लायसन काढलं. बायको म्हणाली, आजची तारीख बघितलीस का. बाबांना फोनवर सांगितलं तर ते आधी पाच मिनिटं हसले, मग म्हणाले, "मासे पकडूक लायसन? मग खावक काय पासपोर्ट लागता?"

बाबांना हे सगळं आधीपासूनच विचित्र वाटतं. आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे काय, गरी म्हणजे गळाचा आकडा, तंगुसाचा दोरा, सुंगटाचा (कोळंबीचा) एक तुकडा आणि खाडीच्या धक्क्यावर मोकळी जागा. इथे सरकार आधी हॅचरीत मासे वाढवतं, मग ते ट्रकने आणून तळ्यात सोडतं, मग आपण लायसन काढून ते पकडायचे, तेही दिवसाला पाच ट्राउट, सहावा नाही. आमिष म्हणून पॉवरबेट नावाचं बरणीतलं रंगीत मळलेलं पीठ मिळतं, झगझगीत गुलाबी नाहीतर पोपटी, त्याची छोटी गोळी वळून गरीवर अशी बसवायची की टोक दिसता कामा नये. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला लहानपणी आईच्या बाजूला बसून पोळीच्या कणकेचे पक्षी करायचो ते आठवलं, फक्त इथे बोटांना दोन दिवस वास राहतो आणि किबोर्डलाही.

आता शेजाऱ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या कुंपणापलीकडे एक सत्तरीचे आजोबा एकटे राहतात, बायको जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी फक्त गळवाला, ते अस्सल शिकारी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझी ऑनलाइन मीटिंग चालू असताना त्यांच्या अंगणातून एक आवाज यायला लागला, काय सांगू, गंजलेल्या बिजागरीचं दार आणि रागावलेली कोंबडी यांच्या मधला काहीतरी. क्याव् क्याव् क्याव्, थोडं थांबून परत. टीममधल्या एकाने विचारलं पण, तुझ्याकडे कोणी आजारी आहे का. दोन दिवसांनी कुंपणावरून डोकावलो तर आजोबा खुर्चीत बसून हातातली लाकडी डबी वाजवत होते. त्याला बॉक्स कॉल म्हणतात. कंपास बॉक्सएवढी लांबट पोकळ डबी, वर वल्ह्यासारखं सैल झाकण, झाकणाच्या खालच्या अंगाला खडू घासायचा आणि ते डबीच्या कडेवर हलकेच ओढायचं, की टर्कीच्या मादीचा आवाज निघतो. मग रानातला नर ऐकतो, उत्तर देतो, पिसारा फुलवून शोधत शोधत जवळ येतो, आणि मग पुढचं तुम्हाला कळलं असेलच. वसंतातल्या शिकारीत नरच मारायचा असतो, म्हणजे छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका दिसला पाहिजे. सीझन 15 एप्रिल ते 31 मे. पण त्या वर्षी तोही थांबवलेला. "मग प्रॅक्टिस कशाला करताय?" मी विचारलं. ते खडू घासत म्हणाले, हात बसलेला राहावा म्हणून. आणि परत क्याव् क्याव्.

मला विचारतात, तुमच्याकडे टर्की असतात का, शिकार करता का. आता काय सांगणार, आमच्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि पुढे ती बंदच झाली. माझ्या आजोबांच्या काळात वाडीत ठासणीची बंदूक असायची आणि रानडुकराची पारध व्हायची, तिचे किस्से मी माजघरात गोधडीत शिरून ऐकलेत, पण डुक्कर बघितला तो फक्त भातशेताची नासाडी करून पळताना, पाठीमागून. योगायोग बघा, वॉशिंग्टनमध्येही 1972लाच रेघ मारलेली आहे, 1 जानेवारी 1972 नंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा कोर्स पास केल्याशिवाय लायसन मिळत नाही. म्हणजे तिकडे 1972च्या कायद्याने बंदूक खाली ठेवायला लावली नि इकडे 1972 नंतर जन्मलेल्यांना वर्गात बसवलं. शेजारचे आजोबा अर्थात त्याच्या कितीतरी आधीचे, त्यामुळे त्यांना ना वर्ग ना परीक्षा, आणि हे ते दर वेळी सांगतात.

चिडलेले होते ते. मीही होतो, खोटं कशाला बोलू. रानात एकटा माणूस झाडाला टेकून बसणार, त्याच्यापासून कोरोना कोणाला होणार, हा त्यांचा मुद्दा आणि मला तो बिनतोड वाटायचा. पण मग बातम्यांत बोट उतरवायच्या धक्क्यांचे फोटो यायला लागले. ऑफिसं बंद, शाळा बंद, सगळा गाव तिथे, जत्रेत लागतात तशा गाड्या लागलेल्या. आणि मासेमारीच नाही, शहरातून निघालेला माणूस दोन ठिकाणी पेट्रोल भरतो, एका ठिकाणी कॉफी घेतो, एका ठिकाणी बाथरूमला जातो. पॅसिफिक किनाऱ्यावर लाँग बीच, कोपॅलिस वगैरे ठिकाणी ओहोटीला रेझर क्लॅम नावाचे लांबट शिंपले खणायला हजारो लोक जातात, आम्हीही जातो. ओल्या वाळूत छोटीशी खळी दिसली की तिथे नळी दाबायची नि वाळूसकट वर ओढायची, माणशी पंधरा, आणि पहिले पंधराच, फुटका निघाला म्हणून टाकून देऊन दुसरा घ्यायचा नाही. (यावर बाबा म्हणालेले, "पंधरांत कोणाचा पोट भरतला?") तर ती किनाऱ्यावरची गावं म्हणजे हजार-दोन हजार वस्ती, बरेचसे रिटायर्ड म्हातारे, दवाखाना इवलासा. त्यांचं म्हणणं एकच, सिअॅटलवाल्यांनो सध्या येऊ नका.

हे मी वाचलं त्याच रात्री बाबांचा फोन. वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर बांबू आडवे टाकलेत, रात्री पोरं पाळीने बसतायत. मी म्हटलं कशासाठी. "मुंबैसून कोण येवक नको म्हणान." मी गप्पच झालो. कारण लालबागला माझा सख्खा काका दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांबरोबर अडकलेला, खालचा मजला सील, आणि त्याचं सगळं लक्ष गावाकडे. ज्या गावाच्या देवळाला त्याने मनीऑर्डरी केल्या, शिमग्याला पदरमोड करून आला, त्याच गावाने बांबू टाकले. बाबांनाही कसंतरीच होत होतं, भावाचं नाव निघालं की ते पटकन आंब्यांकडे वळायचे, यंदा हापूस कसा झाडावरच पिकतोय, पेटी नेणारी गाडीच नाही. पण बांबू काढा असं काही ते म्हणाले नाहीत. आणि इकडे मी, त्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांचा मुंबैवालाच की. त्या रात्रीनंतर माझी चिडचिड निम्मी उतरली. निम्मी राहिली, ती पॉवरबेटच्या न उघडलेल्या बरणीकडे बघून.

बायको म्हणायची, इतकं बाहेर जायचंय तर चालायला जा ना, चालायला बंदी नाही. खरंच नव्हती, सहा फुटांचं अंतर ठेवून घराजवळ हवं तेवढं चाला. गेलोही. पण नुसतं चालणं मला जमत नाही, दहा मिनिटांत वाटायला लागतं की आपण का चालतोय. गळाचं तसं नाही. तळ्याकाठी नुसता बसलेला माणूस बघितला तर लोक विचारतील, बरं वाटत नाही का, आणि त्याच माणसाच्या हातात काठी दिली की तो कामात आहे. मासा लागो न लागो. ठाण्याला माझ्या मावसभावाने हेच पिशवीवर भागवलं. कापडी पिशवी हातात घेतल्याशिवाय तो फाटकाबाहेर पाऊल टाकायचा नाही, पोलिसांनी हटकलं की भाजी, आणि फेऱ्या जास्त व्हाव्यात म्हणून एका वेळी एकच जिन्नस, सकाळी कोथिंबीर, संध्याकाळी लिंबं. त्यांच्या सोसायटीत एकाकडे कुत्रा होता, तो एप्रिलअखेरीला इतका दमला होता म्हणे की पट्टा दिसला की सोफ्याखाली जायचा, कारण चार मजल्यांवरचे लोक त्याला आळीपाळीने उसना नेत होते.

27 एप्रिलला जाहीर झालं, 5 मेपासून गोड्या पाण्यातली मासेमारी, शिकार, गोल्फ आणि स्टेट पार्क दिवसापुरते सुरू, पण घराजवळच जा, घरच्याच माणसांबरोबर जा. तळ्यांचा सीझन एरवी एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतो, तो दिवस इथे आपल्याकडच्या नारळी पौर्णिमेसारखा, त्या वर्षी तो मंगळवारी आला. मी सुट्टी टाकली. कारण "पर्सनल" लिहिलं.

पहाटे साडेपाचला घरापासून दहा मिनिटांवरच्या तळ्यावर गेलो तर आधीच पंधरा-वीस गाड्या. पाण्यावर धुकं, मास्क लावलेली माणसं एकमेकांपासून अगदी मोजून लांब, कोणी कोणाकडे बघत नाही, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर, म्हणजे चेहऱ्याचा जेवढा भाग दिसत होता त्यावर, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं काहीतरी. पोपटी गोळी वळली, गळ टाकला, दोरा सैल सोडला नि खुर्चीत बसलो. चार तासांत एक ट्राउट लागला, वीतभर. व्हिडिओ कॉलवर बाबांना उंच धरून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीन जवळ घेतली आणि म्हणाले, "ह्या काय? हेका गरयेक लावन मोठो मासो धर आता." पण फोन ठेवेनात. म्हणाले, कॅमेरा तसाच पाण्याकडे ठेव जरा. ठेवला. तिकडे रात्रीचे दहा वाजायला आलेले, आणि आम्ही दोघं काहीही न बोलता माझ्या दोऱ्याकडे बघत बसलो, डेटा पॅक संपेपर्यंत.

आजोबा मात्र महिनाभर कुढत थांबले, कारण टर्की आमच्या भागात नाहीत, डोंगरांच्या पलीकडे जावं लागतं, क्लिकिटॅट काउंटीत, चार तासांवर. "घराजवळ"मध्ये ते बसतं का यावर त्यांनी माझ्याशी कुंपणावरून बराच काथ्याकूट केला आणि मीही शहाणपणा करून त्यांना आमच्या वाडीच्या बांबूंची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत गप्प बसले, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस गेलेच. पेट्रोल घरूनच कॅन भरून नेलं, सँडविचं नेली, कुठे उतरलो नाही असं नंतर मला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर अॅस्परॅगसची एक जाडजूड जुडी, ओल्या पेपरात गुंडाळलेली. याकिमा खोऱ्यात तेव्हा त्याचाच हंगाम असतो, रस्त्याकडेला शेतकरी टेबल मांडून विकतात, म्हणजे आजोबा एकदा तरी उतरलेच होते. बायकोने त्याची पीठ पेरून भाजी केली, आमच्यात सगळ्या हिरव्या गोष्टींचं शेवटी तेच होतं. मी कुंपणाशी जाऊन विचारलं, टर्की मिळाली का.

नाही म्हणाले. पण एक नर होता, घळीच्या पलीकडे, दिसला नाही. यांनी डबी वाजवली की तो उत्तर द्यायचा. परत वाजवली, परत उत्तर. जवळ काही आला नाही शेवटपर्यंत.

"तासभर बोलत होतो आम्ही," आजोबा म्हणाले, आणि आत जाऊन आमच्यासाठी आणखी एक जुडी घेऊन आले.