एकाच बाटलीत पॉलिश आणि संरक्षण : नागपुरातल्या गाडीसाठी केलेली निवड

आमची गडद निळी सेडान धरमपेठेत घरासमोर, कडुनिंबाखाली उभी असते. दिवसा तिचा रंग चांगला दिसतो. मात्र रात्री टॉर्चचा उजेड बॉनेटवर तिरपा धरला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे स्पष्ट दिसू लागतात. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे आहेत, बांधकामांची धूळ वर्षभर उडत असते, आणि रोज सकाळी पाणी न मारता कोरड्या कापडाने गाडी पुसण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कापडाखाली सापडलेला धुळीचा कण क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, रेघ ओढतो, आणि अशा असंख्य रेघांमुळे गडद रंग राखट दिसू लागतो.

पूर्ण दुरुस्ती करायची तर आधी कंपाउंड (क्लिअर कोट घासून ओरखडे काढणारी जाडसर पेस्ट), मग बारीक पॉलिश आणि शेवटी वॅक्स किंवा सीलंट (कृत्रिम संरक्षक थर), असा क्रम असतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर सर्व थर मिळून रंगाची जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर नवे ओरखडे येतच राहणार, तेव्हा निर्दोष पृष्ठभागासाठी हा थर एका झटक्यात खर्च करणे मला पटले नाही. म्हणून मी ऑल-इन-वन पॉलिशकडे, म्हणजे ओरखडे कमी करणे आणि संरक्षक थर देणे ही दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या बाटलीकडे, वळलो.

बाजारात या प्रकारात बरेच पर्याय आहेत : रुपेसचे युनो प्रोटेक्ट, मेन्झर्नाचे थ्री इन वन, कोख-केमीचे वन कट अँड फिनिश, टर्टल वॅक्सचे हायब्रिड सोल्युशन्स पॉलिश अँड वॅक्स. त्यांची क्रमवारी मी येथे लावत नाही, कारण क्लिअर कोटचा कठीणपणा गाडीगणिक बदलतो आणि एका गाडीवर उत्तम ठरलेली बाटली दुसरीवर फिकी पडू शकते. मात्र या सर्वांमागची अडचण एकच आहे, आणि ती समजली की निवड बरीच सोपी होते. पॉलिशमधल्या अपघर्षक (घासून कापणाऱ्या) कणांना काम करण्यासाठी थेट रंगाचा पृष्ठभाग हवा असतो, तर वॅक्स किंवा पॉलिमरला त्याच पृष्ठभागावर पापुद्रा धरायचा असतो. संरक्षक घटक आणि तेले वाढवली की घर्षण कमी होते आणि ओरखडे कमी कापले जातात. शिवाय ही तेले ओरखड्यांत भरून बसतात, त्यामुळे गाडी त्या दिवशी झळाळते आणि काही धुण्यांनंतर जुन्या रेघा पुन्हा वर येतात. दुकानात दाखवली जाणारी चमक ही म्हणूनच निवडीची कसोटी होऊ शकत नाही.

मी कसोटी बॉनेटवरच लावली. मास्किंग टेपने चौकोन आखले, प्रत्येक चौकोनात वेगळी बाटली वापरली. पण मशीन, फोम पॅडचा प्रकार, वेग आणि हात फिरवण्याची संख्या एकसारखी ठेवली. त्यानंतर प्रत्येक चौकोनाचा अर्धा भाग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. अल्कोहोल तेले काढून टाकते, त्यामुळे त्या अर्ध्या भागात जे दिसते तेच खरे काम. पुसण्यापूर्वी सर्वांत झगझगीत दिसणारा चौकोन पुसल्यावर बराच उतरला. मी निवडलेली बाटली पहिल्या नजरेत साधी वाटली होती, पण तिचा पुसलेला आणि न पुसलेला भाग जवळजवळ सारखा राहिला.

संरक्षणाच्या बाबतीत मी कार्नोबा या वनस्पतिजन्य वॅक्सऐवजी पॉलिमरवर आधारित प्रकाराला झुकते माप दिले. कार्नोबा ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) तो बॉनेटवरून वाहून जातो ही समजूत बरोबर नाही. तरीही ऊन, इंजिनाची धग आणि शाम्पूची धुणी यांपुढे तो पॉलिमरइतका टिकत नाही. सिरॅमिक कोटिंग (रंगावर घट्ट बसणारा कठीण, टिकाऊ थर) करण्याचा विचार असणाऱ्यांनी मात्र हा मार्ग घेऊ नये, कारण कोटिंगला तेल आणि वॅक्स नसलेला स्वच्छ पृष्ठभाग लागतो.

प्रत्यक्ष काम हिवाळ्यात, सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागत असताना केले. ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांकडून पेंट गेज (रंगाची जाडी मोजणारे यंत्र) आणले होते. देताना ते म्हणाले, "भाऊ, कडांवर क्लिअर पातळ असतो, तिथं मशीन दाबू नका." एका मागच्या दाराचा आकडा इतर भागांपेक्षा बराच जास्त आला, म्हणजे तिथे पूर्वी पुन्हा रंगकाम झालेले होते; तेवढा भाग मी वेगळा तपासून घेतला. हे गेज धातूच्या पत्र्यावरच चालते, त्यामुळे प्लास्टिकच्या बंपरवर अधिक सावधगिरी बाळगली. आधी गाडी धुतली, लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण मारले, आणि मग भरपूर वंगण ठेवून क्ले बार (चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवला. पृष्ठभागाला चिकटलेले कण आधी निघाले नाहीत तर पॅड तेच कण सगळीकडे फिरवतो. रबर आणि कडांवर टेप लावली. ड्युअल अ‍ॅक्शन (पॅड गोल फिरता फिरता हलवणाऱ्या) मशीनने साधारण दीड फूट लांबी-रुंदीचा भाग एका वेळी घेतला, हात सावकाश चालवला आणि पॅड वारंवार साफ केला. धुळीने भरलेला पॅड कापणे थांबवतो आणि उलट धूसर डाग सोडतो.

बारीक ओरखडे बहुतेक गेले आणि निळ्या रंगाची खोली परत आली. नखाला अडकणारे काही खोल ओरखडे तसेच राहू दिले, कारण ते काढण्यासाठी जितका क्लिअर कोट घालवावा लागला असता तितका मला गमवायचा नव्हता. बोअरच्या पाण्याने पडलेले जुने क्षारांचे डागही काही ठिकाणी अंधूक दिसतात.

गाडी पुसणाऱ्या भाऊंना मी आता पाण्याची बादली आणि दोन मायक्रोफायबर कापडे दिली आहेत. "भाऊ, आधी पाणी मारा, कोरडं कापड लावूच नका," एवढे त्यांना सांगितले आणि ते तसेच करतात. उन्हाळ्याआधी मशीन न लावता केवळ सीलंटचा थर हाताने देणार आहे. ऑल-इन-वनमध्ये अपघर्षक असल्यामुळे ते केवळ चमकेसाठी पुन्हा पुन्हा लावणे योग्य नाही; टॉर्चखाली ओरखडे पुन्हा दाट दिसू लागले आणि गेजवरचा आकडा पुरेसा असला, तरच ती बाटली पुन्हा उघडायची, असे मी ठरवले आहे.