तुम्ही विचारलंत म्हणून: मी कव्हर लेटरचा नमुना का देत नाही

"काका, नोकरीच्या अर्जाला जोडायचं कव्हर लेटर असतं ना, त्याचा एक फॉरमॅट पाठवा की." लग्नाच्या पंगतीत, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही हे मागणं येतं. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माणसं घ्यायचं काम मी करतो, म्हणून येतं. मी नमुना देत नाही. मग मागून ऐकू येतं, एवढं काय मोठं मागितलं होतं, शिष्ट आहे. ते मला लागतं. म्हणून एकदा नीट सांगतो.

नमुना दिला की तो माझ्याकडेच परत येतो. जाहिरात दिली की मेलवर आणि व्हॉट्सॲपवर जे येतं, त्यातली बरीचशी पत्रं एकाच साच्यातली असतात. 'मी मेहनती, प्रामाणिक व शिकण्याची आवड असलेला उमेदवार असून आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास...' चूक त्यात काहीच नाही. पण अशी पाच-सहा पत्रं वाचली की नजर आपोआप खालच्या सहीवर जाते, आणि मधल्या ओळी कुणी लिहिल्या होत्या ते मला सांगता येत नाही. एका मुलीच्या पत्रात आमच्याऐवजी दुसऱ्याच कारखान्याचं नाव तसंच राहिलं होतं. मुलगी शिकलेली, गुणही चांगले. ते नाव वाचल्यावर पुढे कुणी वाचलं नाही.

ही सवय कुठून लागते ते मला कळतं. शाळेत मराठीच्या पेपरात अर्जलेखन होतं. 'प्रति, मा. व्यवस्थापक', मग विषय, मग महोदय, आणि शेवटी 'माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा ही नम्र विनंती'. दिनांक कुठे आणि 'आपला विश्वासू' कुठे, हे आमच्याकडून घोटून घेतलं. मधे काय लिहायचं, ते कुणी घोटून घेतलं नाही. आता सरकारी भरतीला पत्र लागतच नाही. तलाठी असो की एमपीएससी, ऑनलाइन रकाने भरायचे आणि परीक्षा द्यायची. त्यामुळे अर्ज म्हणजे विनवणी, एवढंच डोक्यात राहिलं. खाजगी नोकरीत सहानुभूतीने कुणी कुणाला घेत नाही हो. समोरच्याचं एक काम अडलेलं असतं आणि ते कोण निभावून नेईल हे त्याला बघायचं असतं. पत्राने त्या कामाबद्दल बोलावं.

तुम्ही बी.कॉम. आहात हे बायोडेटात आहे, पत्रात पुन्हा कशाला? अकाउंटची जागा असेल तर जीएसटीचं रिटर्न स्वतः भरलंय की शेजारी बसून बघितलंय, ते एका वाक्यात कळू द्या. बघितलं असेल तर बघितलंय असंच लिहा, तेही चालतं. कुणाचा पत्रव्यवहार सांभाळला असेल तर तो सांगा, मामाच्या दुकानाचा का असेना. एक पान पुरे, अर्धं असेल तर उत्तम. मेलच्या विषयात जागेचं नाव घाला. रिकाम्या मेलला फाइल जोडून पाठवू नका, कारण आता मेल हेच पत्र आहे. माझ्याकडे आहे ते एवढंच, आणि याचा नमुना होत नाही.

"पण वाचतं कोण?" असं तरुण मुलं विचारतात. बरोबर विचारतात. मोठ्या कंपन्यांत बायोडेटा आधी सॉफ्टवेअर चाळतं, आणि नोकरीच्या संकेतस्थळांवर कित्येकदा पत्र उघडलंही जात नाही. अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत मात्र पत्र माणूस वाचतो, आणि बऱ्याचदा तो माणूस म्हणजे मालक असतो. माझं सगळं सांगणं अडतं ते इथेच.

आम्हाला मर्चंडायझिंगला एक मदतनीस हवा होता. परदेशी गिऱ्हाइकांचे मेल, सॅम्पलचा पाठपुरावा, लेबल आणि पॅकिंगचा तपशील, असं काम. उन्हाळ्याचे दिवस होते. शहराच्या पूर्व भागातल्या एका मुलाचं पत्र आलं. वडील मागावर, आई विड्या वळायची, घरात तेलुगू, शाळा मराठी, पत्र इंग्रजीत. इंग्रजीत चुका होत्या, पण अर्थ कुठे अडत नव्हता.

त्याने लिहिलं होतं: तुमचा टॉवेल मी नवी पेठेतून विकत घेतला. माप ७५ बाय १५० सेंटिमीटर. लेबलवर ५०० जीएसएम आहे. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर तो ५४० ग्रॅम भरला, म्हणजे माझ्या हिशेबाने ४८० जीएसएम.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. त्या मापाचा टॉवेल १.१२५ चौरस मीटरचा, ५०० च्या हिशेबाने ५६२ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. मुलाचं गणित चोख होतं.

खाली दुसरा परिच्छेद होता. नवा टॉवेल पाणी नीट टिपत नाही, कारण त्याला सॉफ्टनर लावलेला असतो. एक-दोन धुण्यांनंतर टिपायला लागतो. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं, तो माल खराब समजतो. वापरण्याआधी धुवा, एवढी ओळ लेबलवर ठळक छापली तर तशा तक्रारी कमी येतील. हे काम मला दिलंत तर तक्रार यायच्या आधीच मी उत्तर तयार ठेवीन.

मी ते पत्र दोनदा वाचलं. लेबलच्या त्या ओळीवर आमच्याकडे कधीच कुणी बोललं नव्हतं, आणि तक्रारी तर आमच्याकडेही यायच्या. बाकीचा गठ्ठा बाजूला ठेवून मी ते एकटं पत्र घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेलो.

मालकांनी वजनाच्या ओळीपर्यंत वाचलं आणि थांबले. "हा कोण? कामाला यायच्या आधीच आपल्याला खोटं पाडतोय?" त्यांनी विणकाम बघणाऱ्या वीव्हिंग मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी पत्र हातात घेतलं, हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "मालक, पोरगं मोजायला चुकलेलं नाही. पण कापूस हवेतली ओल धरतो. लॅबमध्ये ६५ टक्के आर्द्रतेत मोजतात, तेव्हा सात-आठ टक्के वजन त्या ओलीचं असतं. एप्रिलात सोलापूरच्या कोरड्या हवेत तोच टॉवेल वीस-पंचवीस ग्रॅम हलका भरणार."

"म्हणजे चुकीचंच आहे ना?" मालक म्हणाले.

मी म्हणालो, हे त्याला आठवड्यात शिकवता येईल. टॉवेल विकत घेऊन काट्यावर ठेवायची बुद्धी शिकवता येणार नाही. पुढचा परिच्छेद वाचा, अशी मी विनंती केली. पत्र टेबलावर उलटं पडलं होतं, ते त्यांनी सरळ केलं नाही. मी पुन्हा बोललो, तेव्हा त्यांनी फोन उचलला. ती जागा फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या दुसऱ्या मुलाला मिळाली. तो काम नीट करतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

हे सांगितलं की लोक म्हणतात, मग तुम्हीच त्याला घ्यायचं होतं. मी निवडून पुढे करतो, सही पगार देणाऱ्याची असते. बोलायचं तेवढं मी बोललो. माझ्याही घरी पोरंबाळं आहेत.

पुढे तो मुलगा मला हुतात्मा एक्सप्रेसमध्ये भेटला. पुण्यात एका गोदामात डिस्पॅच बघत होता. ओळख दिली, शेजारी बसला, आणि कुर्डुवाडी गेल्यावर म्हणाला, "सर, खरं सांगा, माझ्या पत्रात काय चुकलं होतं?"

कॉलेजांमध्ये बोलायला जायचो तेव्हा मी ठासून सांगायचो, कामाबद्दल खरं आणि नेमकं लिहा, बाकी आपोआप होईल. त्या मुलाने ते माझ्याकडून न ऐकता केलं होतं, आणि माझ्या त्या भाषणांपेक्षा कितीतरी चांगलं. त्याला मी म्हणालो, काही चुकलं नाही. मग म्हणालो, लेबलची गोष्ट आधी घातली असतीस आणि वजनाची मुलाखतीत विचारली असतीस, तर कदाचित. तो म्हणाला, "म्हणजे खरं लिहायचं, पण त्यांना चालेल तेवढंच?" दौंडपर्यंत मी त्याला समजावत होतो की क्रम बदलणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याला ते पटलं नाही. मला पटलंय, असं दिवसा वाटतं.

आणखी एक गोष्ट माझ्या त्या भाषणांत नसायची. पत्रावरून माणूस कळतो, असं मी म्हणायचो. पत्रावरून कित्येकदा एवढंच कळतं की घरात इंग्रजी येणारं कुणी होतं की नव्हतं. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या, घरात विचारायला कुणी नसलेल्या पोरीला नमुना म्हणजे आधार असतो, हे मी नाकारत नाही. आता तो आधार चॅटजीपीटी देतो. व्याकरणाच्या चुका गेल्या, हे चांगलंच झालं. पण पत्रं पुन्हा एकसारखी झाली, 'आपल्या संस्थेच्या मूल्यांशी जुळणारी माझी आवड' घेऊन येऊ लागली. यंत्राकडून भाषा सुधारून घ्या, माझी हरकत नाही. मात्र किराणा दुकानाच्या काट्यावर टॉवेल ठेवायला तुम्हालाच जावं लागेल.

त्या मुलाचा परवा फोन आला. त्याची चुलत बहीण युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटमध्ये क्वालिटी चेकरसाठी अर्ज करत होती. तिने लिहिलं होतं, तुमचा शर्ट माझा भाऊ शाळेत घालतो. बाकी कापड टिकतं, खिशाचा कोपरा आधी फाटतो. तिथे बारटॅक, म्हणजे मजबुतीचे दाट टाके, मारला तर फाटणार नाही. तो म्हणाला, "सर, हे वाक्य काढायला सांगा तिला, माझं झालं तसं होईल." मी म्हणालो, काढू नको, बारटॅकचं आधी घे आणि फाटण्याचं नंतर. त्यावर आमची बरीच वादावादी झाली. फोन स्पीकरवर होता, ती ऐकत होती. तिने वाक्य होतं तसंच ठेवलं, फक्त पत्राच्या पहिल्या ओळीत आणलं, आणि आमचं बोलणं चालू असतानाच पाठवून दिलं.