फुकटचा अल्बम

वीस वर्षं मी भेटवस्तूंचा धंदा करतोय. दिवाळी आली की नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कंपन्यांना डायऱ्या, पेनं, पाण्याच्या बाटल्या आणि डब्यांचे सेट पुरवायचे, वर त्यांचं नाव छापून. या धंद्याचं एक सुख आहे : फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार कोणी करत नाही. बाटली गळकी निघाली तरी माणूस भांडायला येत नाही, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला ठेवतो. निदान त्या श्रावणातल्या सोमवारपर्यंत माझा तरी असाच समज होता.

शरणपूर रोडला दोन खोल्यांत माझा एक ग्राहक जुन्या नाण्यांचा ऑनलाइन लिलाव चालवतो. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणतो. दर दोन-तीन महिन्यांनी चारेकशे लॉट निघतात. प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा, ते मिलिग्रॅमपर्यंत तोलायचं, टांकसाळ आणि साल लिहायचं आणि मग बोली उघडायची. आठवडाभर सगळं सुस्त असतं. रविवारी रात्री शेवटच्या पाच मिनिटांत मात्र अशी झुंबड उडते की भाऊचं जेवण ताटातच गार होतं. शेवटच्या क्षणी कोणी बोली लावली की वेळ आपोआप वाढते, दुसरा चढवतो, पुन्हा वाढते. नऊशेचा रुपया सहा हजारांवर गेलेला मी तिथेच बसून पाहिलाय, आणि घेणारा त्यानंतर आनंदाने वर कमिशनही भरतो.

गिऱ्हाईक कोइमतूरचं असो की कोलकात्याचं, त्याने नाणं हातात घेऊन पाहिलेलं नसतं. आठ दिवसांनी दारात येणारं पार्सल हीच काय ती भेट. म्हणून भाऊला त्यात काहीतरी जास्तीचं घालायचं होतं, घेणाऱ्याला बरं वाटावं आणि पुढच्या लिलावात त्याने परत यावं म्हणून.

त्याची पहिली कल्पना लकी ड्रॉची होती. पाच हजारांवर खरेदी करणाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि एकाला चांदीचं नाणं द्यायचं. त्याच्या वकिलाने ती तिथेच मोडली. विक्री वाढवायला सोडत काढणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत बसतं. आणि ‘फुकट’ म्हणून दिलेल्या वस्तूची किंमत बिलात चढवलेली असेल, तर तेही त्याच पंगतीत. शिवाय दहा हजारांवरच्या बक्षिसातून तीस टक्के कर कापून भरायची कटकट वेगळीच.

मग मी सुचवलं, चांदी चमकवायचं कापड देऊ. साठ रुपयांत छान डबीतून येतं. भाऊने कपाळावर हात मारला. “अरे बाबा, जुनं नाणं घासलं की त्याची किंमत निम्मी होते. शंभर वर्षांचा काळपटपणा हाच तर त्याचा दाखला. तू त्यांना खून करायला सुरी देतोयस.”

तेव्हाच मी थांबून एखाद्या जाणत्याला विचारायला हवं होतं. पण दिवाळी तोंडावर होती. मी मुंबईच्या एका घाऊकवाल्याकडून खिशात मावणारे साठ कप्प्यांचे अल्बम मागवले. चारशे नग, बहात्तर रुपयांनी. मरून रंगाचं कव्हर, त्यावर सोनेरी फॉइलमध्ये भाऊच्या लिलावाचं नाव, आत मऊ पारदर्शक पानं. उघडला की नव्या रेनकोटसारखा वास यायचा. नव्या मालाचा वास असेल, असं मी समजलो.

दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तीनशे चाळीस अल्बम गेले. लोकांनी फोटो पाठवले, आभार मानले. माझ्या वीस वर्षांत फुकट वस्तूला इतकी दाद कधी मिळाली नव्हती. मी त्यातला एक नमुना दुसऱ्या ग्राहकांना दाखवायला बॅगेत घेऊन फिरत होतो.

त्या सोमवारी सकाळपासून संततधार होती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर फिरत होते. मी बिलाचे पैसे मागायला भाऊकडे गेलो होतो. तेवढ्यात प्लॅस्टिकच्या घोंगडीतून निथळत एक काका आत आले. सत्तरी ओलांडलेले, नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. जन्मभर नोटा छापल्या आणि नाद लागला तो तांब्याच्या नाण्यांचा. ही गंमत ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. त्या दिवशी सांगितली नाही.

कापडी पिशवीतून त्यांनी आमचा मरून अल्बम काढला आणि टेबलावर उघडा ठेवला.

कप्प्यांतली तांब्याची नाणी हिरवी पडली होती. जुन्या तांब्यावर कोरडा, घट्ट हिरवा थर चढतो, तो मी भाऊकडे पाहिलेला होता. हा तसा नव्हता. हा ओला होता, बोटाला चिकटणारा, डिंकात शेवाळ कालवल्यासारखा. एका कप्प्यात दुदांडी शिवराई होती, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं, एका बाजूला मध्ये दोन आडव्या रेघा असलेलं तांब्याचं नाणं. ‘श्री राजा शिव’मधला ‘शिव’ त्या चिकटात बुडाला होता.

भाऊ आधी ओशाळला आणि मग धंद्याला धरून बोलला, “काका, जी आमच्याकडून घेतलीत त्यांचे पैसे परत करतो.”

“तुमच्याकडून तीनच घेतली होती,” काका म्हणाले. “बाकीची घरची. आणि ही शिवराई वडिलांच्या पेटीतली. अल्बम चांगला दिसला म्हणून सगळी एकत्र लावली मी. माझ्या हाताने.”

मग मला नको ते बोलण्याची बुद्धी झाली. “काका, यंदा पाऊस जरा जास्त आहे. दमटपणाने झालं असेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण आवाज चढवला नाही. “इथून पुढे निफाडकडे जोगलटेंभी आहे. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची चांदीची नाणी सापडली, तेरा हजारांच्या वर. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. अठराशे वर्षं जमिनीत होती ती, अठराशे पावसाळे. आणि आजही त्यांच्यावरची अक्षरं लावता येतात. तुमच्या अल्बमात माझ्या शिवराईला दहा महिने नाही निघाले.”

यावर मी काय बोलणार?

“विजेच्या वायरचा तुकडा आहे का?” त्यांनी विचारलं.

चहाच्या ओट्याजवळ जुनं एक्स्टेन्शन पडलं होतं. त्यातली तांब्याची तार काकांनी सोलून घेतली, पकडीत धरली, आम्हाला खिडकी उघडायला लावली आणि गॅस पेटवला. तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली. ज्योत निळीच होती. मग ती तापलेली तार अल्बमच्या रिकाम्या पानाला टेकवली, चर्र आवाज झाला, थोडं प्लॅस्टिक तारेला चिकटलं. तार पुन्हा ज्योतीत धरली, आणि ज्योत हिरवी झाली. काचेच्या बांगडीसारखी स्वच्छ, चकचकीत हिरवी.

“क्लोरीन,” काका म्हणाले. “हे पीव्हीसी आहे. पीव्हीसी मुळात कडक, पाइप बनवतात त्याचे. असं मऊ पान करायला त्यात तेलासारखं रसायन मिसळावं लागतं. काही महिन्यांनी ते घामासारखं बाहेर येतं. वर उन्हाळ्याने आणि दमटपणाने प्लॅस्टिक सडून त्यातून आम्ल सुटतं. ते तांब्याला लागलं की हा चिकटा तयार होतो. चांदीचा रुपया सुटेल असं समजू नका. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयातही बाराव्या हिश्श्याइतकं तांबं असतंच.”

म्हणजे माझा पाऊस अगदीच निर्दोष नव्हता. पण गुन्हेगार तो नव्हता.

पुढचा एक तास शिवराईचा. मी विचारलं, नेलपॉलिश काढायचं लिक्विड चालेल का, माझ्या बायकोकडे आहे. काका पहिल्यांदा हसले. त्यात तेल आणि अत्तर असतं म्हणे, पाहिजे ते शुद्ध अ‍ॅसिटोन. भाऊच्या पोऱ्याने भर पावसात प्रयोगशाळेची रसायनं विकणारं दुकान गाठून बाटली आणली. काचेच्या वाटीत ओतून नाणी एकेक करून सोडली. घासायचं नाही, नुसतं बुडवून ठेवायचं. अ‍ॅसिटोन धातूला काही करत नाही, फक्त चिकटा विरघळवतं. वाटीतलं पाणी, म्हणजे पाणी नव्हे ते, पण दिसायला पाण्यासारखंच, हळूहळू हिरवट होत गेलं. दोनदा बदललं. घरच्या नाण्यांपैकी बहुतेक जशी होती तशी निघाली. शिवराई बाहेर आली तेव्हा ‘शिव’ वाचता येत होता, पण ‘व’च्या पोटात सुईने टोचल्यासारखे तीन-चार खळगे पडले होते. ते जात नाहीत. काकांनी नाणं मऊ कापडावर उपडं ठेवलं आणि बराच वेळ ‘छत्र पती’चीच बाजू बघत राहिले.

भाऊ पुन्हा भरपाईचं बोलला. काका म्हणाले, “मला काही नको. बाकीच्यांना फोन करा.”

तीनशे चाळीस नावं. मी, भाऊ, पोऱ्या आणि भाऊची मुलगी असे चौघं याद्या वाटून बसलो. दुपारी एकपासून रात्री नऊपर्यंत. काका घरी गेले नाहीत, खुर्चीत बसून प्रत्येकाचं बोलणं ऐकत होते आणि मध्येच दुरुस्त्या करत होते. “‘खराब होतील’ नका म्हणू, ‘आजच बाहेर काढा’ म्हणा.”

आणि इथेच नवी पंचाईत उभी राहिली. अनोळखी नंबरवरून फोन येतो, समोरचा म्हणतो, तुमच्या जुन्या नाण्यांबद्दल बोलायचंय. कोण ऐकून घेईल? जुन्या नाण्यांचे लाखो रुपये देतो सांगून आधी ‘फी’ उकळणारे इतके माजले होते की २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, असल्या व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही, आम्ही कसलीही फी मागत नाही. आमच्या फोनचा थाट नेमका त्या भामट्यांसारखाच होता. मराठीत, हिंदीत आणि भाऊच्या मुलीने इंग्रजीतसुद्धा शिव्या खाल्ल्या. एका गृहस्थांनी मला शांतपणे विचारलं, “आता ओटीपी मागणार ना?” मी म्हणालो, “नाही हो, मी काहीच मागत नाही, तुम्ही फक्त अल्बम उघडा.” ते म्हणाले, “हेच, असंच सुरू होतं,” आणि फोन ठेवला.

शेवटी भाऊच्या मुलीने तोडगा काढला : प्रत्येकाला आधी त्याचा लॉट नंबर आणि बोलीचा आकडा सांगायचा. त्यानंतर लोक ऐकू लागले. काहींच्या अल्बमात नाणी नव्हतीच, व्हिजिटिंग कार्डं होती. सोलापूरच्या एका बाईंनी त्यात मुलाचे पासपोर्ट फोटो ठेवले होते. पण तीसेक जणांनी आम्ही फोनवर असतानाच अल्बम उघडला, आणि सात-आठ जण मध्येच गप्प झाले. ती शांतता मला अजून आठवते. त्यांना अ‍ॅसिटोनचं समजावून सांगायचं काम काकांनी घेतलं.

उरलेले साठ नग मी भंगारात घातले. मुंबईवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “भाई, पचहत्तर रुपये में आपको क्या चाहिए था?” खरं तर बहात्तर.

पुढच्या लिलावाला भाऊने भेट बदलली. नाणी ठेवायचे पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर दिले, पॉलिएस्टरच्या खिडकीचे. ते मी घरी गॅसवर तार तापवून स्वतः तपासले, बायकोचा ओरडा खाऊन. सोबत दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. नाण्यावरची टांकसाळ वाचायला संग्राहकाला तेच तर लागतं, आणि भिंगाने नाण्याचं काही बिघडत नाही. पहिला संच काकांना द्यायला मी स्वतः जेलरोडला त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी होल्डर उलटसुलट पाहिले, मान डोलावली. भिंग डोळ्याला लावून खिडकीशी गेले, एक गुलशनाबादचा रुपया काढला. गुलशनाबाद म्हणजे आपलंच नाशिक, मोगलांनी ठेवलेलं नाव, मराठ्यांच्या रुपयांवरही तेच राहिलं. “स्वच्छ दिसतंय,” म्हणाले. काकूंनी चहा आणला. मग काकांनी भिंगाचं काळं पाऊच हातात घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि नाकाशी नेलं.

“हे रेक्झिन ना?”

मी चहाचा कप खाली ठेवला. काका उठून स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा, “अहो, परत तार?”

दोन मिनिटांनी ते बाहेर आले. भिंग सदऱ्याच्या खिशात टाकलं, आणि पाऊच दोन बोटांत धरून माझ्या हातावर ठेवलं.