खोलगट बाजू वर

मार्चमधला शनिवार. बाहेर उणे चार, रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग. ग्रीनहाऊसच्या मागच्या खोलीत शिरले आणि सवयीने पहिल्याच ट्रेच्या मातीत बोट घातलं. माती गार लागली. गार आणि ओलीगच्च.

शिकागोच्या एका उपनगरातल्या रोपवाटिकेत मी सात वर्षं काम करते आहे. १५ मेपर्यंत नाजूक झाडं बाहेर काढायची नाहीत, असं इथले जुने माळी सांगतात, कारण तोवर एखाद्या रात्री दव गोठून कोवळी पानं काळी पडू शकतात. मग उरतो जेमतेम चार महिन्यांचा उन्हाळा. जूनमध्ये कुंड्या भरलेल्या हव्या असतील तर कंद आधीच आत, उबेत जागे करावे लागतात. बिगोनिया आठ-दहा आठवडे आधी, डेलिया आणि कर्दळ चार-सहा. ट्रेखाली हीट मॅट अंथरून माती २१ अंशांच्या वर ठेवायची, रंगीत पानांच्या कॅलेडियमला तर त्याहूनही थोडी जास्त.

शुक्रवारी रात्री कधीतरी मॅटचा ब्रेकर पडला होता. थर्मामीटर ११ दाखवत होता. पण माती ओली का? आमच्याकडे महिन्याभरापूर्वी एक मुलगा कामाला लागला आहे. घरी जाताना त्याला ट्रे वरून सुकलेले दिसले, म्हणून त्याने झारीने सगळ्यांना पोटभर पाणी घातलं होतं. त्याने ते जिव्हाळ्यानेच केलं होतं, म्हणून त्याच्यावर आवाज चढवावासा वाटला नाही. त्याला शेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "आज आपण हा प्रत्येक कंद हातात घेऊन बघायचा."

झोपलेल्या कंदाला मुळं नसतात, तो पाणी पिणार कशाने? कोंब फुटेपर्यंत लागणारं सगळं त्याच्या पोटातच असतं. त्याला हवी असते ऊब, आणि माती हाताला जेमतेम ओलसर लागेल एवढाच ओलावा. सावंतवाडीला आमची आजी हळदीचं बियाणं माजघरात कोरडं ठेवायची आणि मृगाचा पाऊस पडल्याशिवाय त्याला पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. या कामाचं प्रशिक्षण मी नंतर घेतलं, पण खरी समज तिथली आहे.

कॅलेडियमचे दोनशे कंद होते. मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं हे झाड, १५ अंशांखाली गेलं की त्याचा कंद आतून बिघडू लागतो, आणि जोडीला पाणी असेल तर सडतो. अंगठ्याने दाबून बघायचं : टणक असला तर ठेवायचा, अंगठा रुतला तर बाजूला. साठाच्या आसपास बाजूला गेले. काहींना वास सुटला होता. बाकीचे नव्या, कोरड्या पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या भुसभुशीत मातीत, लावले. तेही सगळे वाचतील असं नव्हतं, थंडीचा मार काही दिवसांनी उघडा पडतो.

टेबलाच्या टोकाला एकच कुंडी वेगळी ठेवलेली होती. गिऱ्हाइकांच्या स्वतःच्या कुंड्याही आम्ही भरून देतो. ही कुंडी एका वयस्क बाईंची. नारिंगी फुलांच्या बिगोनियाचा कंद त्या दर शरदात काढून तळघरात ठेवतात आणि फेब्रुवारीत वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे आणतात. त्यांच्याकडे तो एकोणीस वर्षांपासून आहे. हा कंद दरवर्षी जाड होत जातो, आता तो बशीएवढा आहे. लावताना त्याची खोलगट बाजू वर ठेवायची आणि ती मातीने झाकायची नाही, कारण कोंब फुटायचे डोळे तिथेच असतात. त्याच खळग्यात कालचं पाणी साचलं होतं.

११ अंशांनी त्याचं फारसं बिघडलं नसतं. कुंड्यांतल्या या बिगोनियांचे पूर्वज अँडीज पर्वतातले. १८६० च्या दशकात रिचर्ड पिअर्स नावाच्या वनस्पती-संग्राहकाने त्यातल्या काही जाती तिथून इंग्लंडला पाठवल्या. गार हवा त्यांना मानवते. साचलेलं पाणी मात्र नाही.

कंद उपडा करून पाणी निथळलं. मधोमध तपकिरी, बुळबुळीत झालं होतं. सुरी स्पिरिटने पुसून घेतली आणि पांढरा, टणक गर लागेपर्यंत कोरत गेले. मुलगा श्वास रोखून बघत होता. पाच गुलाबी डोळ्यांपैकी काठावरचा एकच उरला. कापलेल्या भागावर गंधकाची पूड दाबली आणि कंद सुकायला कागदावर ठेवला.

मॅनेजर म्हणाले, "याच रंगाचा नवा कंद आणून लावू. त्यांना कळणारही नाही." मला ते ऐकवेना. मी त्यांच्यासमोरच बाईंना फोन लावला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "किती डोळे राहिलेत?"

"एक."

"मग त्यालाच सांभाळ."

चार दिवस सुकवून, जखमेवर खपली धरल्यावर तो पुन्हा लावला, या वेळी थोडा तिरपा, म्हणजे खळग्यात पाणी थांबणार नाही. अकराव्या दिवशी डोळा फुगलेला दिसला. मी मुलाला हाक मारली, तो पाइप तसाच टाकून धावत आला.

एप्रिलच्या मध्यावर बाई आल्या. तोवर करंगळीच्या नखाएवढी दोन पानं उलगडली होती. त्यांनी चष्मा लावून ती निरखली, मग कुंडी उचलून वजन पाहिलं. "हलकी लागतेय. पाणी कधी देणार?"

मी बोलायच्या आधीच मुलगा म्हणाला, "उद्या. कडेकडेने, थोडंसं. मध्ये नाही."